जागतिक व्यापारातील विश्वासार्हता आणि नैतिक मानके : महाराष्ट्रातील द्राक्ष निर्यातीच्या अनुभवाचे विवेचन

प्रस्तावना

आंतरराष्ट्रीय व्यापारात उत्पादक आणि ग्राहक यांची भेट जवळजवळ कधीच होत नाही. दिंडोरी किंवा निफाड तालुक्यातील बागेत खुडलेला द्राक्षाचा घड पॅकहाऊस, शीतगृह, न्हावा शेवा येथील बंदर आणि काही आठवड्यांचा सागरी प्रवास या टप्प्यांतून युरोपातील एखाद्या दुकानात पोहोचतो. तो विकत घेणाऱ्या व्यक्तीला ती बाग, बागायतदार, तेथील मजूर आणि फवारणी यांपैकी काहीही दिसत नाही. गावच्या बाजारात ओळख, शेजार आणि विक्रेत्याची पत यांवर व्यवहार चालतो. हजारो किलोमीटरच्या अंतरावर यांपैकी काहीच उपलब्ध नसते. त्यांची जागा मानके, तपासणी आणि प्रमाणपत्रे घेतात.

२०२३-२४ या वर्षात भारतातून सुमारे ३ लाख ४४ हजार टन ताजी द्राक्षे निर्यात झाली व त्यांचे मूल्य सुमारे ३,४६० कोटी रुपये होते. या निर्यातीत महाराष्ट्राचा आणि त्यातही नाशिक जिल्ह्याचा वाटा सर्वांत मोठा आहे. या व्यापाराने दोन मोठे धक्के सोसले. पहिला २००३ मध्ये आणि दुसरा २०१० मध्ये बसला. त्यांतून उभी राहिलेली माग काढण्याची व्यवस्था देशातील अन्य फळांसाठीही आदर्श ठरली. त्यामुळे जागतिक व्यापारातील विश्वासार्हता कशी घडते, कोठे अपुरी पडते आणि तिचा नैतिकतेशी नेमका काय संबंध आहे, हे समजून घेण्यासाठी द्राक्षाचे उदाहरण विशेष उपयुक्त आहे.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे तीन आहेत : आयातदार देशांची मानके कशी कार्य करतात हे स्पष्ट करणे, द्राक्ष निर्यातीतील दोन प्रसंगांच्या आधारे या व्यवस्थेचे सामर्थ्य व मर्यादा तपासणे, आणि विश्वासार्ह माल व नैतिक व्यापार या दोन संकल्पनांतील अंतर दाखवून देणे.

मानकांचे दोन स्तर : शासकीय आणि खासगी

जागतिक व्यापार संघटनेच्या स्थापनेबरोबर १ जानेवारी १९९५ पासून स्वच्छता व वनस्पती-स्वच्छता उपाययोजनांविषयीचा करार अमलात आला. मानव, प्राणी व वनस्पती यांच्या आरोग्याच्या रक्षणासाठी आयातीवर निर्बंध घालण्याचा प्रत्येक देशाचा अधिकार या कराराने मान्य केला. मात्र असे निर्बंध शास्त्रीय तत्त्वांवर आधारलेले असावेत, त्यामागे जोखमीचे मूल्यमापन असावे आणि त्यांचा उपयोग छुप्या संरक्षणवादासाठी होऊ नये, अशा अटीही घातल्या. अन्नाबाबत आधारभूत मानके म्हणून १९६३ पासून कार्यरत असलेल्या कोडेक्स आयोगाची मानके स्वीकारण्यात आली. शास्त्रीय समर्थन असल्यास कोडेक्सपेक्षा कडक मानक ठेवण्याची मुभाही देशांना आहे.

युरोपीय संघाने या मुभेचा पूर्ण वापर केला. २००२ च्या अन्नविषयक मूलभूत कायद्यानुसार अन्नव्यवसायातील प्रत्येक घटकाने आपला माल कोणाकडून आला व कोणाकडे गेला याची नोंद ठेवणे १ जानेवारी २००५ पासून बंधनकारक झाले. कीडनाशकांच्या अवशेषांबाबत पूर्वी सदस्य देशांच्या मर्यादा पुष्कळ ठिकाणी वेगवेगळ्या होत्या. २००५ च्या नियमावलीने त्या एकसारख्या केल्या आणि १ सप्टेंबर २००८ पासून ही व्यवस्था पूर्णपणे लागू झाली. ज्या रसायनासाठी विशिष्ट मर्यादा ठरवलेली नाही, त्याला सर्वसाधारणपणे किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम ही मर्यादा लागू होते. म्हणजे एक टन द्राक्षांत केवळ १० मिलिग्रॅम, अर्थात दहा कोटी भागांत एक भाग.

दुसरा स्तर खासगी मानकांचा आहे. युरोपातील किरकोळ विक्रेत्यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये ‘युरेपगॅप’ या मानकाची सुरुवात झाली व २००७ मध्ये त्याचे नाव ‘ग्लोबलगॅप’ झाले. उत्तम कृषी पद्धती, फवारणीच्या नोंदी, पाण्याचा वापर, मजुरांची सुरक्षितता अशा बाबींची यात तपासणी होते. कायद्याने हे प्रमाणपत्र सक्तीचे नाही. परंतु मोठ्या दुकान-साखळ्या त्याशिवाय माल घेत नसल्यामुळे व्यवहारात ते टाळता येत नाही. युरोपातील काही विक्रेते तर कायदेशीर मर्यादेच्या एक तृतीयांशाइतकाच अंश चालेल आणि एका नमुन्यात ठरावीक संख्येपेक्षा अधिक रसायने आढळू नयेत, अशा स्वतंत्र अटी घालतात. कायद्यापेक्षा कडक असलेल्या या अटींविरुद्ध निर्यातदार देशाला दाद मागणे कठीण जाते, कारण जागतिक व्यापार संघटनेचे करार शासनांना बांधील करतात, दुकानांना नव्हे. सेंट व्हिन्सेंट अँड द ग्रेनेडिन्स या छोट्या कॅरिबियन देशाने २००५ मध्ये केळीच्या संदर्भात हा प्रश्न संघटनेच्या संबंधित समितीपुढे मांडला होता. त्यावर चर्चा पुष्कळ झाली. परंतु खासगी मानकांवर शासनांचे नियंत्रण किती, हा प्रश्न सुटलेला नाही.

२००३ चा इशारा

महाराष्ट्रातील बागायतदारांनी १९९१ मध्ये ‘महाग्रेप्स’ या संस्थेच्या माध्यमातून सहकारी तत्त्वावर संघटित निर्यात सुरू केली होती. पॅकिंग, पूर्वशीतकरण आणि शीतगृहांच्या सोयी उभ्या राहिल्या. प्रारंभीच्या काळात गुणवत्तेची चर्चा प्रामुख्याने मण्याचा आकार, रंग, गोडी आणि टिकाऊपणा यांभोवती फिरत होती. या सर्व गोष्टी डोळ्यांनी दिसणाऱ्या वा जिभेला कळणाऱ्या होत्या.

२००३ मध्ये नेदरलँड्समधील तपासणीत भारतीय द्राक्षांमध्ये मिथोमिल आणि अॅसिफेट या कीडनाशकांचे मर्यादेपेक्षा अधिक अंश आढळले व युरोपीय संघाच्या जलद सतर्कता यंत्रणेमार्फत त्याची सूचना सर्व सदस्य देशांना गेली. या घटनेने दोन गोष्टी उघड झाल्या. डोळ्यांना निर्दोष दिसणारा घडही नाकारला जाऊ शकतो, ही पहिली. दुसरी अधिक गंभीर होती. सदोष माल नेमका कोणत्या बागेतून आला, हे सांगण्याची खात्रीशीर सोय नव्हती. पॅकहाऊसमध्ये अनेक बागांचा माल एकत्र होत असे. त्यामुळे काही बागांतील चुकीचा संशय सर्व बागांवर आला आणि नियम पाळणारा बागायतदारही त्याच पंक्तीत बसला.

अर्थशास्त्राच्या भाषेत हा माहितीच्या विषमतेचा प्रश्न आहे. चांगला आणि सदोष माल वेगळा ओळखता येत नसेल, तर ग्राहक सर्वच मालाकडे संशयाने पाहतो आणि प्रामाणिक उत्पादकाला त्याच्या प्रामाणिकपणाचे मोल मिळत नाही. म्हणून माग काढण्याची व्यवस्था ही केवळ आयातदाराची गरज नसून निर्दोष शेतकऱ्याचे संरक्षणही आहे. २००३ नंतरच्या सुधारणांमागील मुख्य प्रेरणा हीच होती.

ग्रेपनेट : माग काढण्याची व्यवस्था

कृषी व प्रक्रियायुक्त अन्नपदार्थ निर्यात विकास प्राधिकरणाने, म्हणजेच ‘अपेडा’ने, पुढील हंगामापासून अवशेष संनियंत्रण योजना लागू केली. पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या प्रयोगशाळेकडे राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळेची जबाबदारी आली. २००६ मध्ये ‘ग्रेपनेट’ ही इंटरनेटवर आधारित प्रणाली सुरू झाली.

या प्रणालीची रचना साखळीसारखी आहे. निर्यातीसाठी इच्छुक बागायतदार आपल्या प्लॉटची नोंदणी कृषी विभागाकडे करतो. प्रत्येक प्लॉटला नोंदणी क्रमांक मिळतो. राज्य, जिल्हा, तालुका, शेतकरी व प्लॉट यांची ओळख त्या क्रमांकातच सामावलेली असते. कृषी अधिकारी बागेची पाहणी करतात. काढणीपूर्वी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा प्रतिनिधी स्वतः बागेत येऊन नमुना घेतो. नमुना बागायतदाराने किंवा निर्यातदाराने पाठवायचा नाही, ही अट फार महत्त्वाची आहे. तपासणीचा निकाल प्रयोगशाळा थेट प्रणालीत नोंदवते. मर्यादेपेक्षा अधिक अंश आढळल्यास अंतर्गत सतर्कता सूचना निघते आणि त्या प्लॉटचा माल युरोपीय संघाकडे पाठवण्याचा मार्ग बंद होतो. उत्तीर्ण प्लॉटचा मालच नोंदणीकृत पॅकहाऊसमध्ये स्वीकारला जातो. त्यानंतर अॅगमार्क श्रेणीकरण आणि शेवटी वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र, अशी क्रमवारी आहे. आधीच्या पायरीची नोंद पूर्ण झाल्याशिवाय पुढची पायरी उघडत नाही. युरोपातील गोदामात एखाद्या पेटीबद्दल शंका आली, तर पेटीवरील क्रमांकावरून मूळ बागेपर्यंत पोहोचता येते.

या व्यवस्थेच्या यशाची कारणे तिच्या रचनेतच आहेत. नोंदणी करणारा, नमुना घेणारा, श्रेणी ठरवणारा आणि आरोग्य प्रमाणपत्र देणारा हे चार वेगळे घटक आहेत. एकाची चूक दुसऱ्याला दिसते. विश्वास कोणा एकाच्या सचोटीवर टाकलेला नसून परस्पर पडताळणीवर उभा केलेला आहे. ग्रेपनेटच्या धर्तीवर पुढे डाळिंबासाठी ‘अनारनेट’, आंब्यासाठी ‘मँगोनेट’ आणि भाजीपाल्यासाठी ‘व्हेजनेट’ या प्रणाली विकसित झाल्या.

२०१० : यादीबाहेरचे रसायन

इतकी सक्षम व्यवस्था असतानाही २०१० च्या हंगामात दुसरा धक्का बसला. युरोपातील तपासणीत भारतीय द्राक्षांमध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडचे, म्हणजे बागायतदारांच्या बोलीतील ‘सीसीसी’चे, अंश आढळले. द्राक्षांसाठी युरोपातील मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम होती. अनेक कंटेनर अडकले, सौदे मोडले आणि बागायतदार व निर्यातदार मोठ्या आर्थिक संकटात सापडले.

सीसीसी हे कीडनाशक नसून वाढनियंत्रक आहे. एप्रिलमधील खरड छाटणीनंतर वेलीची शाकीय वाढ आटोक्यात ठेवण्यासाठी आणि काडीत फळधारक डोळे तयार होण्यास साहाय्य व्हावे म्हणून ते प्रामुख्याने वापरले जाई. भारतात द्राक्षपिकावर त्याच्या वापरास मान्यता होती. काढणी ऑक्टोबर छाटणीनंतर, म्हणजे वापरापासून अनेक महिन्यांनी होत असल्याने त्याचा अंश फळात उतरेल अशी फारशी कल्पना कोणालाही नव्हती. परंतु हे रसायन वेलीच्या अंतर्भागात दीर्घकाळ टिकून राहते.

येथे एक बाब नीट समजून घेणे आवश्यक आहे. जो माल युरोपात नाकारला गेला, तो भारतातील तपासणीत उत्तीर्ण झालेला होता. ते अहवाल खोटे नव्हते. प्रयोगशाळांनी चूक केली नव्हती आणि बहुसंख्य बागायतदारांनी कोणतीही फसवणूक केली नव्हती. ज्या रसायनांची तपासणी करायची, त्या यादीतच सीसीसीचा समावेश नव्हता. जो प्रश्न विचारला गेला नाही, त्याचे उत्तर अहवालात येणे शक्य नव्हते. नंतर हे रसायन संनियंत्रणाच्या यादीत समाविष्ट झाले आणि शास्त्रज्ञांनी त्याचा वापर टाळण्याच्या सूचना दिल्या.

२००३ आणि २०१० या दोन प्रसंगांतील फरक म्हणूनच मूलभूत स्वरूपाचा आहे. पहिल्या प्रसंगात साखळी तुटलेली होती. दुसऱ्या प्रसंगात साखळी अखंड असूनही तिच्यातून वाहणारी माहिती अपुरी होती. कोणत्याही प्रमाणपत्राचा अर्थ ‘माल निर्दोष आहे’ असा नसतो. ‘या यादीतील बाबी तपासल्या असता दोष आढळला नाही’ एवढाच असतो. ही मर्यादा विसरली गेली की प्रमाणपत्रावरील विश्वास अंधविश्वासात रूपांतरित होतो.

मर्यादा ओलांडणे म्हणजे काय?

सर्वसामान्य समज असा आहे की, कमाल अवशेष मर्यादा म्हणजे विष आणि अन्न यांच्यातील सीमारेषा. वस्तुस्थिती तशी नाही. मान्यताप्राप्त पद्धतीने रसायन वापरल्यास फळात जास्तीत जास्त किती अंश राहील, याच्या प्रयोगांवरून ही मर्यादा ठरते आणि ती आरोग्याच्या दृष्टीने सुरक्षित आहे ना, हे स्वतंत्रपणे पडताळले जाते. आरोग्याचा निकष वेगळा आहे. एखाद्या व्यक्तीने आयुष्यभर दररोज किती अंश सेवन केल्यास अपाय होणार नाही, याला स्वीकारार्ह दैनंदिन सेवन म्हणतात.

सीसीसीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. युरोपात धान्यपिके आडवी पडू नयेत म्हणून हेच रसायन वापरले जाते आणि धान्यासाठी त्याची मर्यादा द्राक्षांच्या मर्यादेपेक्षा कितीतरी अधिक आहे. युरोपातील द्राक्षशेतीत त्याचा मान्य वापर नसल्याने द्राक्षासाठीची मर्यादा तळाशी ठेवलेली होती. म्हणजे मर्यादेचा भंग हा प्रत्येक वेळी विषबाधेचा धोका नसतो. तो कृषी पद्धतीतील भेदाचाही परिणाम असू शकतो. विकसनशील देशांची तक्रार येथूनच सुरू होते. करारात त्यांच्या विशेष गरजा विचारात घेण्याची तरतूद आहे. परंतु व्यवहारात मर्यादा ठरवताना उष्ण प्रदेशांतील पिके, किडी आणि पद्धती यांचा पुरेसा विचार होत नाही.

ही तक्रार योग्य असली तरी तिच्या आडून मूळ जबाबदारी टाळता येत नाही. ग्राहकाने मागितलेली अट त्याला आगाऊ माहीत करून दिलेली असताना ती न पाळता माल पाठवणे हा करारभंगच ठरतो. नियम न्याय्य आहे का, हा वाद समितीत मांडावा, कंटेनरमध्ये नव्हे.

विश्वासार्ह, परंतु नैतिक?

आतापर्यंतचे विवेचन खाणाऱ्याच्या सुरक्षिततेपुरते मर्यादित आहे. अवशेष तपासणी ही काढणीच्या वेळी फळावर किती रसायन उरले हे मोजते. फवारणीच्या दिवशी फवारणी करणाऱ्याच्या अंगावर किती पडले, हे ती मोजत नाही. रसायन वापरल्यानंतर काढणीपर्यंत ठरावीक दिवस थांबण्याचा जो प्रतीक्षा काळ पाळला जातो, तो ग्राहकाच्या रक्षणासाठी आहे. त्या काळात रसायनाचे विघटन होते व अहवाल स्वच्छ येतो. मात्र ज्याने पाठीवर पंप किंवा हातात गन घेऊन फवारणी केली, त्याच्यासाठी प्रतीक्षा काळ नसतो.

मिथोमिलचे उदाहरण पुन्हा पाहण्यासारखे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात हे रसायन अत्यंत धोकादायक गटात मोडते. युरोपातील ग्राहकाच्या दृष्टीने त्याचा प्रश्न २००३ मध्ये उपस्थित झाला आणि तपासणीद्वारे पुढील हंगामांत हाताळलाही गेला. भारतात मिथोमिलवर पूर्ण बंदी घालणारा केंद्र शासनाचा आदेश मात्र २०२३ मध्ये निघाला. ग्राहकाच्या ताटाची काळजी आणि मजुराच्या शरीराची काळजी यांच्यातील हे अंतर वीस वर्षांचे आहे.

फवारणीतील धोका काल्पनिक नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना झालेल्या विषबाधेत वीसहून अधिक शेतकरी व शेतमजुरांचा मृत्यू झाला. कापूस आणि निर्यातक्षम द्राक्ष यांच्या उत्पादनव्यवस्थेत मोठा फरक आहे. द्राक्षबागांत ट्रॅक्टरवरील ब्लोअरचा वापर वाढला आहे आणि प्रमाणित बागांत संरक्षक साधनांची अटही असते. तरीही विरळणी, डिपिंग, काढणी या कामांसाठी पेठ, सुरगाणा यांसारख्या आदिवासी तालुक्यांतून हंगामी मजूर नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात येतात. मुकादमामार्फत आलेल्या या मजुरांचे नाव कोणत्याही प्रणालीत नोंदलेले नसते. पेटीवरील क्रमांकावरून बाग सापडते, प्लॉट सापडतो. तो घड ज्या हातांनी विरळला, ते हात सापडत नाहीत.

खासगी मानकांनी या दिशेने काही पावले टाकली आहेत. ग्लोबलगॅपला जोडून मजुरांच्या कल्याणाचे मूल्यमापन करणारी ‘ग्रास्प’ ही स्वतंत्र तपासणी युरोपातील अनेक खरेदीदार मागतात. परंतु वर्षातून एकदा, पूर्वसूचना देऊन होणाऱ्या तपासणीची मर्यादा जगाने पाहिलेली आहे. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशातील राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेहून अधिक वस्त्रोद्योग कामगार मृत्युमुखी पडले. त्या इमारतीतील काही कारखान्यांची सामाजिक तपासणी आधी झालेली होती. यादीत इमारतीच्या मजबुतीचा प्रश्नच नव्हता. सीसीसीच्या प्रसंगात जी त्रुटी रुपयांत मोजली गेली, तीच त्रुटी तेथे माणसांच्या जीवांत मोजावी लागली.

त्यामुळे विश्वासार्हता आणि नैतिकता हे समानार्थी शब्द नाहीत. माल जसा सांगितला तसा असणे, ही विश्वासार्हता होय. तो माल तयार करताना व्यवहारात ज्यांचा आवाज नाही त्यांच्यावर अन्याय न होणे, ही नैतिकता होय. पहिलीसाठी खरेदीदार आग्रही असतो, कारण तिचा त्याच्या आरोग्याशी व नफ्याशी थेट संबंध आहे. दुसरीसाठी आग्रह धरणारे कोणी नसेल, तर ती यादीतून सहज गळते.

आयातदार देशांची जबाबदारी आणि भारतीय ग्राहक

नैतिकतेचा भार केवळ निर्यातदाराने वाहावा, ही अपेक्षाही एकांगी आहे. युरोपात वापरास मनाई असलेली काही कीडनाशके युरोपातूनच अन्य देशांना निर्यात होतात. १९९८ च्या रॉटरडॅम करारानुसार धोकादायक रसायनांच्या व्यापारासाठी पूर्वसूचना व संमती आवश्यक असली, तरी तो व्यापार त्यामुळे थांबत नाही. जे रसायन स्वतःच्या शेतात नको, त्याची विक्री करायची आणि त्याच रसायनाचा अंश आढळला म्हणून फळ नाकारायचे, या वर्तनात विसंगती आहे. युरोपीय संघाने २०२४ मध्ये मोठ्या कंपन्यांवर पुरवठा साखळीतील मानवी हक्क व पर्यावरण यांबाबत दक्षता बाळगण्याची जबाबदारी टाकणारा निर्देश स्वीकारला. मात्र २०२५ मध्ये त्याच्या अंमलबजावणीची मुदत पुढे ढकलण्यात आली.

भारत हा आयातदारही आहे. खाद्यतेल, कडधान्ये, सफरचंद, किवी अशा अनेक वस्तू बाहेरून येतात. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ आणि त्याखालील २०१७ ची आयातविषयक विनियमावली या आयातीस लागू आहे. २०१८ मध्ये आयात कडधान्यांतील ग्लायफोसेटच्या अंशांविषयी चिंता व्यक्त झाली, तेव्हा भारतीय मानकांत त्यासाठी मर्यादा निश्चित नसल्याने कोडेक्सच्या मर्यादेचा आधार घेण्यास सांगण्यात आले. ज्या देशाकडे स्वतःची यादी नाही, त्याला दुसऱ्याच्या यादीवर विसंबावे लागते, हा धडा सीसीसीच्या प्रसंगाशी जुळणारा आहे.

याहून जिव्हाळ्याचा प्रश्न देशांतर्गत बाजाराचा आहे. देशात अवशेषांचे राष्ट्रीय पातळीवरील संनियंत्रण २००५-०६ पासून होत आले आहे. परंतु ते नमुना-पाहणीच्या स्वरूपाचे आहे. युरोपला जाणारा प्रत्येक नोंदणीकृत प्लॉट तपासला जातो, स्थानिक बाजारात येणारा प्रत्येक प्लॉट नाही. अंतर्गत सतर्कता सूचनेमुळे ज्या प्लॉटचा युरोपचा मार्ग बंद झाला, त्याचा माल अन्यत्र कोठे जातो, या प्रश्नाचे उत्तर देणारी तितकीच काटेकोर साखळी देशी ग्राहकासाठी उपलब्ध नाही. नाशिकच्या द्राक्षाचा माग रॉटरडॅमहून काढता येतो. दादरहून काढता येत नाही.

खर्च कोण सोसतो?

२०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी भूधारणा १.३४ हेक्टर आहे. नोंदणी, तपासणी शुल्क, प्रमाणपत्र, नोंदवह्या, संरक्षक साधने आणि साठवणुकीची खोली यांचा खर्च मोठ्या बागेला परवडतो, छोट्या बागेला जड जातो. शिवाय ताज्या फळांच्या व्यापारात पुष्कळदा भाव आधी निश्चित न होता माल विकल्यानंतर हिशेब होतो. अशा व्यवहारात परदेशी बंदरात माल नाकारला गेला की तोट्याचा मोठा वाटा साखळीच्या शेवटच्या टोकाला, म्हणजे बागायतदाराकडे, सरकतो. मानक विक्रेता ठरवतो आणि जोखीम उत्पादक सोसतो.

यावर उपाय म्हणून सामूहिक प्रमाणीकरणाची सोय उपयुक्त ठरली आहे. ग्लोबलगॅपमध्ये उत्पादक गटाला अंतर्गत नियंत्रण व्यवस्था उभारून एकत्रित प्रमाणपत्र घेता येते. नाशिक जिल्ह्यातील शेतकरी उत्पादक कंपन्यांनी या मार्गाने छोट्या बागायतदारांना निर्यातीत टिकवून धरले आहे. महाराष्ट्राची सहकाराची परंपरा येथे केवळ आर्थिक नव्हे, तर मानकांच्या पालनासाठीही भांडवल ठरते.

निष्कर्ष आणि सूचना

द्राक्ष निर्यातीच्या अनुभवावरून असे स्पष्ट होते की, दूरच्या ग्राहकाचा विश्वास चार गोष्टींवर उभा असतो : अखंड माग, स्वतंत्र तपासणी, अद्ययावत यादी आणि जोखमीची न्याय्य वाटणी. महाराष्ट्राने पहिल्या दोन गोष्टी उत्तम रीतीने साध्य केल्या. तिसऱ्या बाबतीतील उणीव २०१० मध्ये महागात पडली. चौथी गोष्ट अद्याप अपूर्ण आहे. त्याचबरोबर व्यवस्था तेच मोजते, ज्याची खरेदीदाराला चिंता असते. मजूर आणि देशी ग्राहक या यादीबाहेर राहिले, कारण त्यांच्या वतीने प्रश्न विचारणारा खरेदीदार नव्हता.

या पार्श्वभूमीवर पुढील सूचना विचारात घेण्यासारख्या आहेत. पहिली, आयातदार देशांच्या सतर्कता सूचना आणि बदलत्या मर्यादा यांचा हंगामापूर्वी अभ्यास करून तपासणीची यादी सुधारण्याची जबाबदारी निश्चित असावी. भारतात मान्य असलेल्या प्रत्येक रसायनाची, वाढनियंत्रकांसह, निर्यातदृष्ट्या छाननी व्हावी. दुसरी, बागेच्या नोंदवहीत कोणते औषध किती फवारले याबरोबरच ते कोणी, किती तास आणि कोणत्या संरक्षक साधनांसह फवारले याचीही नोंद असावी. हंगामी मजुरांची आरोग्य तपासणी हा प्रमाणीकरणाचा भाग व्हावा. तिसरी, सतर्कता सूचना मिळालेल्या प्लॉटच्या मालाचा माग देशी बाजारातही ठेवला जावा. चौथी, माल नाकारला गेल्यास तोट्याची वाटणी कशी होईल, हे खरेदी करारात आधीच लिहिलेले असावे.

या कामात महाविद्यालयांनाही स्थान आहे. रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र, वाणिज्य, अर्थशास्त्र व समाजशास्त्र हे विभाग सामान्यतः स्वतंत्रपणे कार्य करतात. एका द्राक्षाच्या पेटीत मात्र हे सर्व विषय एकत्र आलेले असतात. द्राक्षपट्ट्यातील महाविद्यालयांनी परिसरातील बागा, मजूर-अड्डे व पॅकहाऊस यांचा संयुक्त अभ्यास हाती घेतला, तर जे प्रश्न परदेशी खरेदीदाराच्या यादीत कधीच येणार नाहीत, ते येथील अभ्यासकांच्या यादीत तरी येऊ शकतील.